काचपट्टीवरची पत्रिका

सरांच्या घरात खोली भाड्याने पाहिजे असेल तर आधी स्वतःचा वास द्यावा लागायचा. आधारकार्ड वगैरे नंतर.

मी पारोळ्याहून बॅग घेऊन सुरतेच्या नवागामला आलो, साडीच्या दुकानात नोकरी लागली होती. दारात उभं करून सरांनी माझ्या खांद्याजवळ नाक आणलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, म्हातारा आशीर्वाद देतोय.

"पावडर?"

"हो सर. थोडी. बसमध्ये घाम येतो ना."

"थोडी म्हणजे काय? थोडी म्हणजे लाखो कण. लावतोस तू, बसतात माझ्या छातीत. जा, धुऊन ये. मग खोली बघ."

नळ अंगणात. मी शर्ट काढून काखा धुतोय आणि समोरच्या ओट्यावर बायका मेथी निवडता निवडता बघताहेत. असा माझा सुरतेत गृहप्रवेश झाला.

सर उधन्याच्या एका मराठी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. मी गेलो तेव्हा रिटायर झाले होते, पण शिकवायचं थांबले नव्हते. आधी समोर चाळीस पोरं बाकांना बांधलेली असायची, आता जो सापडेल तो. दूधवाला सापडायचा, गॅसचा बाटला घेऊन येणारा सापडायचा, आणि भाडेकरू तर काय, घरचाच.

मला नकला येतात. शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून मी दोनदा मार आणि एकदा बक्षीस घेतलंय, दोन्ही हेडमास्तरांकडूनच. त्यामुळे सर मला आठवड्यातच पाठ झाले. त्यांची नक्कल सोपी. खांदे वर घ्यायचे, मान कासवासारखी पुढे, श्वास घेताना कंजूष माणूस खिशातून नोट काढतो तसा घ्यायचा, म्हणजे अगदी बारीक आणि नाराजीने. मग विचारायचं, "म्हणजे काय?" आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर द्यायचं. कोपऱ्यावरच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, मी हे सुरू केलं की पोरं चहा नाकातून काढायची. लारीवाला भैया म्हणायचा, "भाई, मास्टरजी को बुला ना," आणि बोलवायचा मला.

खरे सरही यायचे लारीवर. पण आल्यावर आधी बोट ओलं करून हवेत धरायचे, वारा कुठून आहे ते बघायचे आणि स्टोव्हच्या बरोब्बर उलट्या अंगाला बाकडं ओढून बसायचे. वारा फिरला की बाकडंही फिरायचं. एका चहात ते अख्ख्या लारीला प्रदक्षिणा घालायचे. लग्नात होमाभोवतीही तसंच. नवरानवरी सात फेरे घ्यायची, सरांचे खुर्चीसकट नऊ व्हायचे.

त्यांचं आवडतं लेक्चर लग्नाचंच होतं.

"हे बघ," मला एकदा अंगणात पकडून म्हणाले, "काजळी दिसते, म्हणून लोक काजळीला शिव्या देतात. रस्त्याची धूळ दिसते, म्हणून नगरपालिकेला शिव्या देतात. पण हवेतला खरा बदमाश जन्मतो कसा, माहीत आहे?"

"नाही सर."

"लग्नातून. मिलच्या बॉयलरमध्ये कोळसा जळतो. कोळशात गंधक. धुरातून त्याचा वायू निघाला, हवेत फिरला, पाणी भेटलं, ऑक्सिजन भेटला. झालं आम्ल. हा मुलगा. तिकडे गटारातून, गोठ्यातून, शेतातल्या खतातून अमोनिया निघाला. ही मुलगी. दोघं वर हवेत भेटतात. आईबापांना पत्ता नाही. आणि होतो काय? मीठ. अमोनियम सल्फेट. इतका बारीक कण की नाकातले केस त्याला अडवत नाहीत, घसा अडवत नाही. थेट फुफ्फुसाच्या माजघरात."

"म्हणजे लव्ह मॅरेज सर."

"गप. आणि दुसरं जोडपं नायट्रेटचं. गाड्यांच्या धुरातलं आम्ल आणि तोच अमोनिया. हे लग्न थंडीत टिकतं. ऊन तापलं की कण फुटतो, दोघं आपापल्या माहेरी. सल्फेटचं तसं नाही. ते एकदा झालं की झालं."

मी म्हटलं, "मग सर, हे अमोनियाचं कॅरेक्टर जरा..."

त्यांनी मला आठवडाभर गच्चीवर कपडे वाळत घालू दिले नाहीत.

आता विनोद असा, की हवेतली सगळी लग्नं लावणाऱ्या या माणसाच्या घरातलं लग्न काही होत नव्हतं.

सरांना एकच मुलगी. मी तिला ताई म्हणायचो. पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये कामाला होती, दिवसभर लोकांचं रक्त बघून संध्याकाळी घरी आली की बापाला तोंड द्यायची. हसरी, पण हसू दाबून ठेवायची सवय लागलेली. मी सरांची नक्कल केली की ती पदर तोंडात धरायची आणि म्हणायची, "श्वास अजून बारीक घे. बाबा एवढा मोठा नाहीत घेत."

तिला स्थळं यायची आणि जायची. हुंडा, शिक्षण, उंची असल्या क्षुल्लक गोष्टींवर सरांनी एकही स्थळ मोडलं नाही. पत्रिका तर ते बघतच नसत. "मंगळ कुठे आहे ते मला विचारू नका," ते मध्यस्थाला सुनवायचे, "चिमणी कुठे आहे ते सांगा." मुलाचं घर कुठल्या चिमणीच्या कुठल्या अंगाला, एवढंच त्यांना पाहिजे. त्यांच्या खोलीत सुरतेचा मोठा नकाशा होता, त्यावर पेन्सिलीने बाण मारलेले. बाण म्हणजे वारा. हा वारा त्यांनी शोधला कसा? उतराणला, म्हणजे संक्रांतीला. अख्खी सुरत गच्चीवर पतंग उडवायची तेव्हा सर गच्चीवर पाठ भिंतीला लावून कुणाचा पतंग कुठे झुकतो ते बघायचे. नातेवाइकांना फोन लावायचे, "काप्यो वगैरे राहू दे, तुझा पतंग कुठल्या दिशेला आहे ते सांग." दरवर्षी बाण पक्के. हे घरही त्यांनी त्याच बाणांवरून घेतलेलं. "पांडेसऱ्याच्या मिलांचा धूर इकडे येतच नाही," हे वाक्य ते पाहुण्यांना पाण्याच्या आधी द्यायचे.

एक बँकेतला मुलगा आला. बाण त्याच्या घरावरून जात होता, नापास. एक सरकारी नोकरीतला आला, घर स्वच्छ, पण खाली जनरेटरचं दुकान. नापास. मी म्हटलं, "सर, मोबाइलमध्ये हवेचा आकडा येतो की. बघा आणि करून टाका."

"तो आकडा कुठल्या गल्लीतला आहे?"

"सुरतेचा आहे सर."

"सुरत श्वास घेते का? माझी मुलगी घेते."

बोलण्यात त्यांना हरवणं अशक्य होतं. काकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, त्यांनी प्रयत्नच सोडला होता. भाकरी थापता थापता तव्याला सांगायच्या, "ह्या धूर मोजत बठतीन, अनी मन्ही पोर म्हतारी व्हई जाई."

मग ताईने स्वतःच एक स्थळ आणलं. म्हणजे मध्यस्थाच्या तोंडून आणलं, पण मध्यस्थाच्या तोंडात तिनेच घातलं हे काकूंना, मला आणि लारीवाल्यालासुद्धा माहीत होतं. मुलगा अमळनेरकडचा, घर पांडेसऱ्याच्या पलीकडे भेस्तानच्या अंगाला, आणि नोकरी डाईंग मिलमध्ये. कलर मास्तर.

सरांनी नकाशा न बघताच डोळे मिटले.

ताई एवढंच म्हणाली, "बाबा, हे शेवटचं. यानंतर मी कुणासमोर पोह्यांची प्लेट घेऊन येणार नाही." आवाज चढवला नाही. बशीत बशी ठेवावी तसं ठेवून दिलं. काकूंचा हात पिठात थांबला. सरांनाही कळलं असावं, कारण ते "नाही" म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "ठीक. आपण शास्त्रीय पद्धतीने बघू."

पुढच्या रविवारी आम्ही मुलाचं घर बघायला गेलो. सर माझ्या बाइकवर मागे, तोंडाला ओला पंचा, हातात स्टीलचा डबा. काकू आणि ताईचे मामा रिक्षात. लोकांना वाटलं डब्यात मिठाई आहे. मुलाच्या आईने तो दोन्ही हातांनी, पदर सावरून घेतला. सरांनी झाकण उघडलं. आत काचेची पट्टी, तिच्यावर व्हॅसलिन फासलेलं.

"ही गच्चीवर ठेवायची," सर म्हणाले. "आठवडाभर. झाडायची नाही, पुसायची नाही, कुणी हात लावायचा नाही. हवेतले कण हिच्यावर चिकटतील. पुढच्या रविवारी घेऊन या, मग मी सांगतो."

मुलाचे वडील मिलमधून रिटायर झालेले, साधा माणूस. त्यांनी हळूच मला विचारलं, "हे रीतीतलं आहे का?"

"त्यांच्याकडे आहे," मी म्हटलं.

मुलाची आई मात्र गंभीर झाली होती. व्याह्यांनी वस्तू दिलीय, गच्चीवर ठेवायला सांगितलीय, हात लावायचा नाही म्हणतात. तिने मान डोलावली. तिला सगळं समजलं होतं, असं तिला वाटलं.

परत येताना मी बाइकवरून मागे ओरडून विचारलं, "सर, तुम्हीच म्हणता ना, दिसतो तो कण सज्जन, खरा बदमाश दिसतच नाही? मग काचेवर जे दिसणार ते सगळे सज्जनच."

पंच्यामागून उत्तर आलं, "पुढे बघून चालव."

म्हणजे बघा, पत्रिकेवर हसणारा माणूस. भटजी निदान ग्रह तरी खरे घेतात. यांनी घरचीच एक पत्रिका काढली, व्हॅसलिनची, आणि वाचणारे भटजीही स्वतःच.

पुढच्या रविवारी मंडळी आली. मुलगा, आई, वडील. काचपट्टी त्याच डब्यात, पण आता नव्या ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळलेली, वर एक सुपारी. मला तेव्हाच शंका आली. सरांनी ब्लाऊजपीस आणि सुपारी न बघता बाजूला केली, त्यांना कणांशिवाय काही दिसतच नाही. शाळेने निरोपाला दिलेला मायक्रोस्कोप टेबलावर तयार होता. पट्टी खाली सरकवली, डोळा लावला.

पोह्यांच्या प्लेटा आल्या, चहा आला. कुणी चमचा उचलला नाही. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी. मुलगा तिच्याकडे बघत नव्हता, म्हणजे फार बघत होता.

"लाल," सर म्हणाले.

त्यांनी भिंग थोडं खालीवर केलं.

"लाल कण. भरपूर. विटेची धूळ म्हणावी तर रंग फार तेजस्वी. म्हणजे काय? म्हणजे रंग. डाय. हवेतून उडालेला कापडाचा रंग." त्यांनी डोळा काढला आणि मुलाकडे बघितलं. "तुमच्या मिलमधून."

मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, आमच्याकडे महिनाभर नेव्ही ब्ल्यू चालू आहे. शाळेच्या युनिफॉर्मचा सीझन."

"मग शेजारच्या मिलमधून. तो रंग गच्चीवर पडतो म्हणजे श्वासातही जातो. माफ करा. माझी मुलगी मी या हवेत देऊ शकत नाही."

मुलाच्या वडिलांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, उठायच्या बेतात माणूस ठेवतो तसे. काकू भिंतीला टेकल्या. आणि मला, खरं सांगतो, नक्कल करायचं सुचेना. तिचं शेवटचं स्थळ मोडत होतं आणि मोडणारा माणूस भिंग पुसत होता.

ताई दारातून आली. पोह्यांच्या प्लेटमधली लिंबाची फोड उचलली, बापाच्या खांद्यावरून वाकली आणि पट्टीवर पिळली.

"अगं, नमुना..." सर म्हणाले.

"बघा बाबा."

सरांनी बघितलं. मीही डोकं घातलं, मायक्रोस्कोपची गरजच नव्हती. लाल ठिपके कडेपासून पिवळे होत चालले होते. थोड्या वेळात अख्खी पट्टी भंडाऱ्यात लोळल्यासारखी.

"हळदीला चुना लावला की लाल, आंबट पडलं की परत पिवळी," ताई म्हणाली. "तुम्हीच नववीला शिकवलंय मला. हे कुंकू आहे."

सगळे मुलाच्या आईकडे बघायला लागले. ती गोंधळली.

"हात नाही लावला हो मी," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं ना. लांबूनच वाहिलं. रोज सकाळी कुंकू, अगरबत्ती. घरचं कुंकू आहे, माझ्या भावाने अमळनेरहून पाठवलेलं. व्याह्यांची वस्तू घरात आली, ती काय तशीच कोरडी ठेवायची?"

मामा खोकल्यासारखं हसले. मी प्लेटमधले शेंगदाणे मोजू लागलो.

दुसरा कुणी असता तर इथे हरला असता. सरांनी पट्टी कपड्याच्या टोकाने तिरकी धरली आणि म्हणाले, "कुंकू बाजूला ठेवू. कुंकवाखाली काळे कण आहेत. ते अगरबत्तीचे धरले तरी सगळे अगरबत्तीचे नाहीत. काळा तो काळाच."

"किती काळा?" ताईने विचारलं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे कशाच्या मानाने?"

सर काही बोलायच्या आत ती जिना चढून गेली. खाली आली तेव्हा तिच्या हातात दुसरी काचपट्टी होती. आमच्याच गच्चीवरची, पाण्याच्या टाकीमागे तिनेच गुपचूप ठेवलेली, तेच व्हॅसलिन, तोच आठवडा. कुंकू नाही, अगरबत्ती नाही. तिने ती पहिलीच्या शेजारी टेबलावर ठेवली.

आमची पट्टी तव्याच्या पाठीसारखी होती.

सरांनी ती मायक्रोस्कोपखाली घातली. काढली. पुन्हा घातली. उलटी करून बघितली, जणू काळं काचेच्या मागून आलं असावं. मग त्यांची नजर खोलीतल्या नकाशाकडे गेली आणि तिथेच राहिली. मी त्या बाणांकडे बघितलं आणि माझ्यासारख्या आर्ट्सच्या पोरालाही कळलं. सगळे बाण उतराणचे. जानेवारीतले. आणि आत्ता वैशाख. खिडकीतून वारा येत होता तो समुद्राकडून, पांडेसऱ्यावरून, थेट आमच्या पोह्यांवर. एवढं रसायनशास्त्र जाणणाऱ्या माणसाने नकाशावर आयुष्यभराचा वारा मांडला तो एका सुट्टीच्या दिवसाचा.

"पंखा लाव," सर म्हणाले. पंखा चालूच होता.

ताई त्यांच्या समोर स्टूल घेऊन बसली. आवाज तसाच, बशीत बशी ठेवल्यासारखा.

"बाबा, तुमच्या हिशोबाने तर मला आजच सासरी पाठवायला पाहिजे."

मी सरांकडे बघत होतो. मान पुढे, खांदे वर, सगळं रोजचंच. पण श्वास मोठा घेतला, छाती भरून, जसा गेल्या कित्येक वर्षांत घेतला नसेल. त्या काळ्या हवेचा. मग घसा साफ करून मुलाच्या वडिलांना म्हणाले, "शास्त्रीय कारणासाठी माझा होकार आहे. मुलीला प्रदूषित जागेतून हलवणं हे बापाचं कर्तव्य आहे. तुम्ही मागणी घातली म्हणून नव्हे."

"म्हणजे होकार ना?" वडिलांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"हो," मी म्हटलं. "त्यांच्याकडे असाच असतो."

काकूंनी साखरेचा डबा आधीच आणला होता. त्यांनी मुलाच्या आईच्या तळहातावर साखर ठेवली, मुलाच्या, मामांच्या, माझ्या. सरांच्या मात्र थेट तोंडात घातली, म्हणजे पुढचं वाक्य यायला नको. तरी आलं.

"एक अट," ते साखर चघळत म्हणाले. "मी हिवाळ्यात पुन्हा एक पट्टी पाठवणार आहे. तेव्हा वारा फिरलेला असेल. तिच्यावर कुंकू वाहायचं नाही."

मुलाची आई पदराने हात पुसत म्हणाली, "आता काच कशाला पाठवता व्याही. पोरगीच पाठवा ना."

ताई उठली आणि तिच्या पाया पडायला वाकली. सर ते बघत राहिले. मग त्यांनी टेबलावरचा चहाचा कप उचलला, केव्हाच गार झालेला, आणि फुंकर मारमारून प्यायले.